जवानाला फराळ नंतर पाठवा, आधी त्याच्या घरचा पेरा बघा

लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या तरुणानं विचारलंय: "आमच्या गावचे १३ जण फौजेत आहेत. गणेश मंडळाकडे ४० हजार रुपये शिल्लक आहेत. त्यातून सीमेवर स्वेटर, फराळ आणि राख्या पाठवायच्या आणि जवानांच्या घरी किराणा द्यायचा विचार चाललाय. हे कसं करावं? आणखी काय करता येईल?"

भाऊ, तुमच्या मंडळानं हा विचार केला याचं फार समाधान वाटलं. म्हणूनच स्पष्ट सांगतो, स्वेटर आणि किराणा यादीतून काढून टाका. लडाख-सियाचेनच्या उंचीवर लागणारे कपडे, बूट, मोजे सैन्यच देतं. बाजारातलं स्वेटर त्या थंडीला पुरत नाही आणि जवानाकडे सामान ठेवायला जागाही मोजकीच असते. रेशन युनिटचं असतं. इकडे घरी महिन्याच्या महिन्याला पगार येतो, त्यामुळे किराण्यावाचून बहुतेक घरांचं अडत नाही. फोटो काढत दिलेल्या पिशवीनं त्या माउलीला उलट ओशाळल्यासारखं होतं. जवानाच्या घरी पैसा पोहोचतो, माणूस पोहोचत नाही. म्हणून ज्या कामाला माणूसच उभा राहावा लागतो, ते काम गावानं उचलावं.

सैन्यातल्या जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते, अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. ही रजा त्याच्या सोयीनं मिळत नाही, युनिटच्या गरजेनुसार मिळते. मृगाचा पाऊस, तुरीची रास, आईचं ऑपरेशन, भूमी अभिलेखची मोजणी यांतलं काहीच त्या रजेसाठी थांबत नाही. त्यात पुढच्या चौकीवर आठ-आठ दिवस फोन लागत नाही. त्याच्या जिवाला घोर लागतो तो इथं.

कोणत्या घराला काय लागेल, हे मात्र सरसकट सांगता येत नाही. आधी १३ घरांची एक वही करा आणि प्रत्येक घराबद्दल चार गोष्टी लिहा. मुलगा कोणत्या दलात आहे? आर्मी, नेव्ही, एअर फोर्सच्या कुटुंबांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांच्या कल्याणाची व्यवस्था वेगळी. गावात सगळ्यांनाच 'मिलिट्रीत आहे' म्हणतात आणि इथूनच चुकीच्या ऑफिसात खेटे सुरू होतात. दुसरं, बायको-लेकरं त्याच्याजवळ क्वार्टरमध्ये आहेत की गावात? तिसरं, शेती कोण बघतं: वडील, भाऊ, बटईदार की कुणीच नाही? चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, त्या घराला मदत हवी आहे का? काही घरं एकत्र कुटुंबाची, खमकी असतात. तिथं नुसतं 'काही लागलं तर सांगा' म्हणून परत यावं.

वही करायला आणि पुढे संपर्क ठेवायला बाईमाणूस पाठवा. ज्या घरी तरुण सून सासू-सासऱ्यांसोबत किंवा एकटी राहते, तिथं मंडळाची पोरं वरचेवर गेली की गावाच्या तोंडाला हात लावता येत नाही. त्रास त्या बाईला होतो आणि महिन्याभरात मदतच बंद पडते. आशाताई, अंगणवाडीताई किंवा बचत गटातली जाणती बाई हे संपर्काचं माणूस असावं. पोरांनी धावपळीची कामं करावीत. पाच-सहा घरांमागे एक बाई आणि दोन पोरं पुरेत. माणसं बदलू नका, कारण दर वेळी नव्या माणसाला घरची अडचण सांगायची कुणाचीच इच्छा नसते.

आता शेती. मराठवाड्यातल्या जवानाच्या घरी खरी ओढाताण इथंच होते. आपल्याकडे इर्जिक, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच्या रानातलं काम उरकायचं, ही जुनी रीत आहे, ती या १३ घरांसाठी परत सुरू करा. ज्या घरी नुसते म्हातारे माय-बाप आहेत, त्यांचा पेरा गावानं एका दिवसात उरकायचा. डिझेल घरधन्याचं, ट्रॅक्टर आणि माणसं गावाची, दुपारचं जेवण त्या घरी. घरच्यांनी जेवू घालणं यात मोडू नका. त्यामुळेच ती मदत उपकार वाटत नाही, रीत वाटते. पेरणीची घाई मात्र नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली गेल्याशिवाय सोयाबीन टाकू नये. दुबार पेरणी आली तर इर्जिक दुसऱ्यांदा जमत नाही, तोवर प्रत्येकाला आपापल्या रानाची पडलेली असते. घरचं बियाणं असेल तर आठ दिवस आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो धरा. त्याहून कमी उगवले तर बियाणं वाढवा, फारच कमी उगवले तर बदला.

रब्बीत अडचण पाण्याची. थ्री-फेज लाईट पाळीनं रात्रीची असते आणि सत्तर वर्षांचा बाप बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो. इंचू-काट्याची भीती, वरून थंडी. शेजारच्या रानवाल्यानं आपल्या पाळीसोबत तेवढं पाणी फिरवलं तरी ते घर निवांत झोपतं. विहिरीवर मोबाईलवरून चालणारा स्टार्टर बसवून द्या, मंडळाच्या पैशाचा तो चांगला उपयोग आहे. तिथं मोबाईलला रेंज येते का ते मात्र आधी तपासा, नाहीतर पेटी नुसती लटकून राहते. डीपी, म्हणजे रानातला ट्रान्सफॉर्मर, जळाली तर तक्रार सगळ्यांनी मिळून करायची असते. त्या अर्जात जवानाच्या घरचा ग्राहक क्रमांकही घाला, कारण म्हातारा माणूस सबस्टेशनला चकरा मारू शकत नाही.

ई-पीक पाहणी हे तर तुमच्या पोरांचंच काम आहे. शेतात उभं राहून ॲपवरून पिकाचा फोटो टाकावा लागतो, आणि खातेदार बसलेला असतो पठाणकोटला किंवा तवांगला. वडिलांकडे साधा फोन असतो. पाहणी राहिली की सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. मग विमा, अतिवृष्टीचं अनुदान, सोयाबीनची हमीभाव खरेदी, सगळीकडे अडतं. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. मुदतीच्या पहिल्या आठवड्यातच १३ घरांचे गट नंबर उरकून टाका. शेवटच्या दिवसांत ॲप चालता चालत नाही.

शेत बटईनं किंवा ठोक्यानं दिलेलं असेल तर बोलणं कागदावर आणा. हंगाम कोणता, खत-बियाण्याचा खर्च कुणाचा, वाटा किती आणि दोन साक्षीदार, एवढं एका पानात बसतं. आपल्याकडे हे तोंडी चालतं आणि जवान सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस हिशेबाच्या भांडणात जातात. माल मोंढ्यात गेला की आडतीच्या पट्टीचा फोटो त्याच संध्याकाळी त्याच्या मोबाईलवर टाका. रेंज आली की तो बघेल आणि निश्चिंत होईल.

शेतीइतकंच कागदांकडे लक्ष द्या. पोरगा बाहेर असला की बांध सरकतो, रस्ता अडतो, वाटणीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, पडतो. भाऊबंदकीत तोंड घालायला गाव कचरतं, ते समजण्यासारखं आहे. न्याय तुम्हाला द्यायचा नाही, फक्त मुदती सांभाळायच्या आहेत. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला १५ दिवस असतात. नोटीस घरी येते, वडील अंगठा देतात, आणि मुलाला कळतं तेव्हा नोंद मंजूर झालेली असते. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावच्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात. तुमच्यातल्या एकानं दर रविवारी पाच मिनिटं ती बघावी आणि यातल्या कुणाचा गट दिसला तर त्या घरी सांगावं. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. 'दिवाळीत भाऊ आल्यावर बघू' म्हणताना हे सहा महिने निघून जातात.

कोर्टात प्रकरण गेलं तरी जवान उघडा पडलेला नसतो. सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम ३२ प्रमाणे खटल्यासाठी रजा दिल्याचा सक्षम लष्करी अधिकाऱ्याचा दाखला दिला तर कोर्टानं शक्यतो त्या रजेच्या काळातच सुनावणी लावायची असते. युद्धजन्य किंवा खास परिस्थितीत तैनात असलेल्यासाठी भारतीय सैनिक (खटले) अधिनियम, १९२५ आहे, त्याखाली कामकाज तहकूब होऊ शकतं. गावच्या वकिलाला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून कलमं त्याला लिहूनच द्या. जवानाच्या पत्नीला किंवा आईला फुकट वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

सुट्टीत त्याच्याकडूनच करून घ्यायची कामं वेगळी काढा. तो यायच्या महिनाभर आधी संपर्काच्या बाईनं घरी बसून यादी करावी. आधारला मोबाईल जोडणं, ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, बँकेत पत्नीसोबत 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीचं खातं, वारस म्हणून नाव, आणि गरज असेल तर कुलमुखत्यारपत्र. यातल्या बऱ्याच कामांना त्याचा ओटीपी, अंगठा किंवा सही लागते. कुलमुखत्यारपत्र ठरावीक कामापुरतं करा. मोजणी, दावा, पीककर्ज असं काम लिहून, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. सर्वाधिकार देणारा कागद जवळच्या नातेवाइकालाही देऊ नये. जमिनी गेल्याची दुखणी त्याच कागदातून निघतात.

आणखी एक कागद गाव सहज देऊ शकतं आणि नेमका तोच राहतो. लग्न झालं किंवा लेकरू झालं की त्याची नोंद जवानाच्या सेवा-अभिलेखात व्हावी लागते, फौजेत त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ती नोंद नसेल तर पत्नीचं ओळखपत्र, लष्करी रुग्णालयातले उपचार आणि उद्या काही वाईट घडलं तर पेन्शन, सगळं अडकतं. त्यासाठी लग्नाचा आणि जन्माचा दाखला लागतो. गावात लग्नाची नोंद ग्रामसेवकाकडे होते, ९० दिवसांत केलेली बरी. हळद निघायच्या आत पोरगा ड्युटीवर परत जातो आणि अर्ज तसाच राहतो. फॉर्म लग्नाच्या आधीच भरून ठेवा, साक्षीदार आणि फोटो तयार ठेवा, सही तेवढी बाकी राहू द्या. आणि नावाचं स्पेलिंग! आधार, शाळेचा दाखला आणि सेवा-अभिलेख या तिन्हींत इंग्रजी अक्षरन् अक्षर सारखं हवं. सासरचं नाव बदललेलं असलं की घोळ हमखास होतो.

मदतीच्या भरात चुकीचे अर्ज मात्र भरू नका. जमीन सरकारी नोकरीत असलेल्या जवानाच्या नावावर असेल तर पीएम-किसान त्याला लागू नाही. वडिलांची जमीन वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचा अर्ज वेगळा. कुटुंबात कायम सरकारी नोकर असल्यानं त्याच्या पत्नीला लाडकी बहीण योजनाही बसत नाही. कुणीतरी सेतूवर फॉर्म भरून टाकतं आणि मागाहून वसुलीची नोटीस येते.

दवाखान्याची तयारी आजारपणाच्या आधी करा. नोकरीत असलेल्याच्या पत्नी-मुलांना आणि नोंदवलेल्या अवलंबित आई-वडिलांना लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात, पण मराठवाड्यात ते छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत. लातूर-नांदेडहून तो पल्ला दिवसाचा. त्यामुळे अचानक काही झालं तर जवळच्या दवाखान्यातच न्यावं, वाद घालू नये. मात्र त्याच दिवशी युनिटला कळवा, डॉक्टरकडून तातडीचं असल्याचं प्रमाणपत्र लिहून घ्या आणि मूळ बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा. पुढे भरपाई मागायची तर हीच कागदं लागतात, झेरॉक्स चालत नाही. प्रत्येक घरी भिंतीवर एक कागद चिकटवा: १०८, गावातल्या दोन गाड्यांचे नंबर, रक्तगट. जवानाचा आर्मी नंबर, युनिट आणि युनिटचा फोन मात्र कपाटात ठेवा, भिंतीवर नको.

वाईट बातमी कळवण्याचीही एक पद्धत आहे. घरात कुणी गेलं किंवा अत्यवस्थ असेल तर दहा जणांनी त्याच्या मोबाईलवर फोन करू नयेत. तो पहाऱ्यावर असेल, हातात हत्यार असेल, सोबत कुणी नसेल. घरच्या एकानं युनिटला कळवावं, म्हणजे तिथले सुभेदार साहेब त्याला जवळ बसवून सांगतात आणि रजेची व्यवस्था लगेच लागते. फोन लागत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून निरोप जातो. आणि लवकर यावा म्हणून आजार वाढवून कधीच सांगू नका. खोटं उघडं पडलं की पुढच्या खऱ्या वेळी त्याच्या शब्दावर शंका येते.

आता तुमच्या राख्या आणि फराळ. पाठवा, जरूर पाठवा, पण गावच्या ओळखीच्या जवानाला त्याच्या नावानं. अनोळखी 'वीर जवान' असा पत्ता घातलेली खोकी सुरक्षेच्या दृष्टीनं अडचणीची असतात. पत्ता घरच्यांकडून घ्या: आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, द्वारा ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस), आणि ९ नं सुरू होणारा पिनकोड. गावाचं, जिल्ह्याचं, राज्याचं नाव घालायचं नाही. खासगी कुरिअर एपीओला जात नाही, पोस्टातूनच टाकावं लागतं. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच मिसळलंय, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट मागा. राखी किमान तीन आठवडे आधी टाका, पोस्टात पाण्यानं न भिजणारं राखीचं पाकीटही मिळतं. खाण्यात शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिळाचे लाडू, कडक दशम्या टिकतात. तेलाची बाटली, लोणचं, पॉवर बँक नको. आणि शाळेतल्या लेकरांकडून पत्रं लिहून घ्या. गावात पाऊस कसा झाला, नदीला पाणी आलं का, यात्रेत कोण जिंकलं, हे लिहायला सांगा. 'तुम्ही आहात म्हणून आम्ही झोपतो' हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं. चौथीतल्या पोरानं लिहिलेली विहिरीच्या पाण्याची बातमी तो चारदा वाचतो.

त्याच्या सुरक्षेसाठी एक गोष्ट आजच बंद करा: वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आणि फेसबुकवर युनिटचं नाव, तैनातीचं ठिकाण, वर्दीतले मागची चौकी दिसणारे फोटो. निरोप द्यायला नांदेड किंवा परभणी स्टेशनवर सचखंड एक्स्प्रेसला सगळे जमता तेव्हा थेट प्रक्षेपण करू नका. 'रेकॉर्ड ऑफिसातून बोलतोय' म्हणत बायकोला फोन येतात, युनिट कुठं आहे विचारतात किंवा ओटीपी मागतात. दोन्हींना एकच उत्तर, फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा, पहिल्या तासाभरात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

राहिले ४० हजार. माझं मत असं की वाटून टाकू नका. १५ हजार दवाखान्याच्या गाडीसाठी अडीअडचणीचा निधी म्हणून बाजूला ठेवा, दोन सह्यांच्या खात्यात. साधारण तेवढेच पैसे स्टार्टर, उगवण तपासलेलं बियाणं आणि चैत्र-वैशाखातल्या टँकरसाठी. टँकर आला की ज्या घरी फक्त म्हातारी माणसं आहेत त्यांचा हौद आधी भरायचा, एवढं ग्रामसभेत ठरवून घ्या. उरलेले ध्वजदिन निधीला द्या. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन १९४९ पासून पाळला जातो, पैसे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरून पावती घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या खाते क्रमांकावर एक रुपयाही टाकू नका. एप्रिल २०२५ मध्ये असाच चुकीच्या खात्याचा संदेश देशभर फिरला आणि संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला. निमलष्करी दलांच्या शहिदांच्या कुटुंबांसाठी द्यायचं असेल तर गृह मंत्रालयाचं 'भारत के वीर' आहे.

एक गोष्ट लिहायला जड जातं, पण लिहितो. यातलं एखादं घर कधी वीरपत्नीचं घर झालं, तर पहिले तेरा दिवस गर्दी असते आणि चौदाव्या दिवशी अंगण मोकळं होतं. गावाची गरज त्या चौदाव्या दिवसापासून असते. घोषणा झालेली मदत धनादेशानं, थेट तिच्या खात्यात जावी. कोऱ्या कागदावर कुणी तिची सही घेऊ नये, आणि ते बघायला तुमच्या वहीतली संपर्काची बाई तिच्या शेजारी बसलेली असावी. मृत्यूच्या दाखल्याच्या किमान दहा प्रती काढून ठेवा. सासर-माहेरात पैशावरून ताण येतो. गावानं बाजू घेऊ नये, दोघांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याकडे जावं, कुणाचा हक्क किती ते तिथं नियमानं समजतं. स्मारकाचा खर्च तिच्या पैशातून करू नका. मुलांच्या शिक्षणाची चौकशी त्याच कार्यालयात करा, जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहं आहेत.

सुरुवात वहीपासून करा. त्यात ज्या घरासमोर 'शेती: कुणीच नाही' असं लिहावं लागेल, त्या घरचा ई-पीक पाहणीचा गट नंबर आधी घ्या.